विचारलं तर सांगावं

‘तुम्ही ख्रिश्चन? मग इतकं छान मराठी कसं बोलता?’ हा प्रश्न मला नेहमीचाच. पूर्वी मी नुसती हसायचे. श्रद्धेबद्दल बोललं, की ‘ही आपल्याला बाटवायला आली’ असं कुणी म्हणेल, ही धास्ती!

धीर दिला लक्ष्मीबाई टिळकांनी. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, तेव्हा त्या दुरावल्या. जातपात माणसानंच केली, हे पुढे त्यांना आपणहून पटलं आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं घरगुती मराठीत, हसतखेळत येतं. कुणाला पटवायचा आव नाही.

आता शेजारणीनं विचारलं, तर मीही सांगते, आजारपणात प्रार्थनेनं मला कसं सावरलं ते. मग ती तिच्या विठोबाबद्दल बोलते. मैत्रिणींनो, कुणी मनापासून विचारलं तर जरूर सांगा, आणि तिचंही ऐका.