कपड्यावरचे हिरवे पान : लेबल काय सांगते, काय सांगत नाही

जिंतूर तालुक्याला कापूस नवा नाही. माळरानापासून पूर्णेकाठच्या काळ्या रानापर्यंत पऱ्हाटी उभी असते. दिवाळीच्या आगेमागे वेचणीची धांदल उडते. जिनिंगमध्ये सरकी बाजूला होऊन रुईच्या गाठी बाहेर पडतात. पुढे सूत, कापड, रंग आणि शिलाई असा प्रवास करून हाच कापूस शर्ट किंवा झबले होऊन दुकानात येतो, तेव्हा त्याला एक चिठ्ठी अडकवलेली असते. तिच्यावर कधी हिरवे पान असते, कधी ‘इको’, कधी ‘ऑरगॅनिक’, तर कधी एखाद्या परदेशी संस्थेचे चिन्ह.

ही चिठ्ठी पाहून काही जण डोळे मिटून विश्वास ठेवतात, तर काही जण सगळेच थोतांड म्हणून सोडून देतात. दोन्हींत तोटा होतो तो जमीन आणि पाणी सांभाळून पीक घेणाऱ्या शेतकऱ्याचा, आणि सांडपाणी शुद्ध करून मगच सोडणाऱ्या कारखानदाराचा. म्हणून नेहमी कानावर येणारे गैरसमज एकेक करून तपासू. प्रत्येक लेबल एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर असते. तो प्रश्न कोणता, उत्तर कोणी तपासले आणि तपासणी कुठून कुठपर्यंत झाली, एवढे कळले की लेबल वाचता येते.

गैरसमज १ : ‘शंभर टक्के सुती’ म्हणजे पर्यावरणपूरक.

वस्तुस्थिती : ‘१०० टक्के कॉटन’ हे शब्द धागा कशाचा आहे एवढेच सांगतात. तो कापूस कसा पिकवला आणि कापड कसे रंगवले, याबद्दल त्यात काहीच नसते. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आज देशातील कापसाखालचे ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीचे आहे. तरी फवारणी थांबलेली नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या हंगामातल्या कापसाचा शर्टही ‘१०० टक्के कॉटन’च होता.

पाण्याबद्दलही असाच घोळ होतो. एका टी-शर्टमागे २,७०० लिटर पाणी लागते, हा आकडा सगळीकडे फिरतो. ती ढोबळ सरासरी आहे. जिंतूरसारख्या भागात कापूस बहुतांशी कोरडवाहू असतो, म्हणजे त्यातले बरेचसे पाणी पावसाचे, त्याच शेतात पडलेले. धरणातून किंवा बोअरमधून उपसलेल्या पाण्यावरच्या कापसाचा भार वेगळा असतो. एकच आकडा दोघांच्या माथी मारला, तर ग्राहकाची दिशाभूल होते आणि कोरडवाहू शेतकऱ्यावर अन्याय होतो.

गैरसमज २ : हिरवे चिन्ह छापले आहे, म्हणजे सरकारने तपासले असणार.

वस्तुस्थिती : कपड्यांवरची बहुतेक पर्यावरण-लेबले ऐच्छिक आणि खासगी असतात. सरकारची योजना आहे, पण तीही ऐच्छिकच. केंद्र सरकारने १९९१ मध्ये ‘इकोमार्क’ सुरू केला. मातीचे मडके हे त्याचे चिन्ह आणि कापड हा त्यातला एक वस्तुगट. उद्योगांनी या योजनेला फारसा प्रतिसाद दिला नाही, त्यामुळे मडक्याचे चिन्ह असलेला कपडा दुकानात क्वचितच दिसतो. सप्टेंबर २०२४ मध्ये नवे इकोमार्क नियम अधिसूचित झाले आणि अंमलबजावणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे देण्यात आली.

बाकी पान, झाड, थेंब, पृथ्वीचा गोळा ही चित्रे कोणत्याही छापखान्यात छापता येतात. चिन्हाशेजारी तपासणाऱ्या संस्थेचे नाव आणि परवाना क्रमांक नसेल, तर ती विक्रेत्याने स्वतःबद्दल केलेली जाहिरात समजावी.

गैरसमज ३ : ऐच्छिक आहे, म्हणजे कोणी काहीही लिहिले तरी चालते.

वस्तुस्थिती : लेबल लावायचे की नाही, हे कंपनीने ठरवायचे. लावले की मात्र नियम बंधनकारक होतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाविषयीच्या फसव्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘नैसर्गिक’ असे मोघम शब्द वापरायचे तर त्यांना पुरावा हवा. दावा पूर्ण कपड्याबद्दल आहे, त्याच्या एखाद्या भागाबद्दल आहे की फक्त वेष्टनाबद्दल, हेही स्पष्ट सांगायला हवे. पिशवी कागदाची म्हणून आतला पॉलिस्टरचा कुर्ता हिरवा ठरत नाही. दावा खोटा वाटला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

‘ॲझो-फ्री’ हा शब्दही नीट पाहावा. काही ॲझो रंगांपासून कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्ये सुटतात, म्हणून जर्मनीने १९९४ मध्ये आणि भारताने १९९७ मध्ये अशा रंगांवर बंदी घातली. आपल्याकडच्या बंदीच्या यादीत ११२ रंग आहेत. म्हणजे हे रंग न वापरणे हे कायद्याचे पालन झाले. त्यासाठी ग्राहकाकडून जादा पैसे मागण्याचे कारण नाही.

गैरसमज ४ : सगळी लेबले सारखीच, कोणतेही एक असले की झाले.

वस्तुस्थिती : येथे सर्वाधिक गफलत होते, म्हणून नेहमी दिसणारी चिन्हे वेगवेगळी पाहू.

‘ओएको-टेक्स स्टँडर्ड १००’ हे १९९२ पासूनचे लेबल तयार कापडात अंगाला अपायकारक रसायनांचे अंश आहेत का, हे तपासते. तान्ह्या बाळाच्या कपड्यांसाठी ते उपयोगाचे आहे. पण कापूस सेंद्रिय होता का किंवा रंगाचे पाणी कोणत्या नदीत गेले, हे त्यातून कळत नाही. ते घालणाऱ्याच्या त्वचेची काळजी घेते. फवारणाऱ्याच्या फुप्फुसांबद्दल त्यात काही नसते.

‘गॉट्स’ म्हणजे ‘ग्लोबल ऑरगॅनिक टेक्सटाइल स्टँडर्ड’. याची कक्षा बरीच मोठी आहे. ‘ऑरगॅनिक’ लिहायचे तर कपड्यात किमान ९५ टक्के प्रमाणित सेंद्रिय धागा हवा, आणि ‘मेड विथ ऑरगॅनिक’ लिहायचे तर किमान ७० टक्के. जिनिंगपासून शिलाईपर्यंत रसायने, सांडपाणी आणि कामगारांचे हक्क यांच्याही अटी आहेत. रंगाईच्या सांडपाण्याचे महत्त्व तमिळनाडूतील तिरुपूरने सगळ्या देशाला दाखवले. रंगाईच्या पाण्याने नोय्यल नदी नासली आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले शेकडो रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. कापूस कितीही स्वच्छ पिकवला, तरी रंगाईत तो नदीचा घात करू शकतो.

‘बेटर कॉटन’ हे वेगळेच प्रकरण आहे. पाणी, कीटकनाशके आणि मजुरांची स्थिती यांत सुधारणा घडवण्याचा हा कार्यक्रम असून महाराष्ट्रातील शेतकरीही त्यात आहेत. तो सेंद्रिय नाही, त्यात बीटी चालते. शिवाय बरीच वर्षे हे लेबल वजनाच्या ताळमेळावर चालले. कंपनीने जेवढा बेटर कॉटन खरेदीच्या हिशेबात दाखवला, तेवढ्या मालावर तिला दावा करता येई. हातातल्या शर्टात मात्र साधा कापूसही असू शके. शेतापर्यंत माग काढता येईल असा बेटर कॉटन २०२३ च्या अखेरीस सुरू झाला.

‘हँडलूम मार्क’, ‘सिल्क मार्क’ आणि ‘कस्तुरी कॉटन’ ही चिन्हे आपापल्या जागी मोलाची आहेत. पहिले हातमागाची, दुसरे अस्सल रेशमाची आणि तिसरे भारतीय कापसाच्या प्रतीची ग्वाही देते. तिन्हींचा विषय पर्यावरण नाही.

गैरसमज ५ : प्रमाणपत्र आहे, म्हणजे फसवणूक शक्यच नाही.

वस्तुस्थिती : ऑक्टोबर २०२० मध्ये खुद्द गॉट्सने भारतातील सेंद्रिय कापसाचा मोठा घोटाळा उघड केला. सुमारे २० हजार टन कापूस बनावट कागदपत्रांवर सेंद्रिय म्हणून दाखवला गेला होता. प्रमाणपत्रांवरचे क्यूआर कोड सरकारी संकेतस्थळासारख्या दिसणाऱ्या नकली पानाकडे नेत होते. दोषी कंपन्यांवर बंदी घातली गेली.

यातून ‘सगळेच खोटे’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. घोटाळा पकडला गेला तो प्रत्येक व्यवहाराचा कागद मागे राहतो म्हणून. जिथे कागदच नसतो, तिथे पकडायलाही काही उरत नाही. म्हणून दावा जितका मोठा, तितकी त्याची पडताळणी सोपी असली पाहिजे. गॉट्स आणि ओएको-टेक्स या दोघांच्या संकेतस्थळांवर लेबलवरचा क्रमांक टाकून खातरजमा करता येते. क्यूआर कोडवर विसंबण्यापेक्षा संस्थेचे संकेतस्थळ स्वतः उघडून पाहावे.

गैरसमज ६ : आम्ही खत-औषध टाकत नाही, म्हणजे आमचा कापूस आपोआप ‘ऑरगॅनिक’.

वस्तुस्थिती : जिंतूर परिसरातल्या शेतकऱ्यासाठी हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांनुसार कापसासारख्या हंगामी पिकाला पेरणीआधी दोन वर्षांचा रूपांतर-काळ लागतो. बियाणे बीटी असेल, तर एकही फवारणी न करता पिकवलेला कापूससुद्धा सेंद्रिय ठरत नाही. शेतातल्या प्रत्येक कामाची नोंद ठेवावी लागते. शेजारच्या शेतातली फवारणी आपल्या पिकावर येऊ नये, याची काळजी घ्यावी लागते. एकट्याला हा खर्च जड जातो, म्हणून किमान २५ शेतकऱ्यांच्या गटाला एकत्र प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे.

पुढची अडचण जिनिंगच्या दारात उभी राहते. सेंद्रिय कापूस इतर कापसाच्या ढिगात मिसळला की त्याची ओळख तिथेच संपते आणि नंतर कोणत्याही प्रयोगशाळेला ती परत आणता येत नाही. त्यामुळे वेगळा साठा, सफाई करून मग सेंद्रिय मालासाठी चालवलेली यंत्रे आणि वेगळ्या क्रमांकाच्या गाठी आवश्यक असतात.

बियाण्याच्या बाबतीत मात्र आपल्या जिल्ह्याकडे मोठे भांडवल आहे. निजामाच्या काळात नांदेड-परभणी पट्ट्यातला ‘गावराणी’ हा देशी कापूस त्याच्या प्रतीसाठी नावाजलेला होता. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने देशी कापसाच्या संशोधनाची ही परंपरा पुढे नेली आणि पीए २५५, पीए ४०२, पीए ०८ असे लांब धाग्याचे देशी वाण दिले. देशी कापूस पाण्याचा ताण सोसतो, रसशोषक किडींना सहसा दाद देत नाही आणि त्याचे बी शेतकऱ्याला पुढच्या वर्षासाठी राखता येते. सेंद्रिय लेबलाला लागणारे बिगर-बीटी बियाणे कुठून आणायचे, हा प्रश्न देशभरातल्या गटांना छळतो. आपल्याकडे त्याचे एक उत्तर जिल्ह्याच्या ठिकाणीच आहे.

गैरसमज ७ : ही परदेशातली खुळे, आपल्याला त्याचे काय?

वस्तुस्थिती : फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०२५ पासून कपड्यांवर ‘पर्यावरणीय खर्च’ दाखवण्याची ऐच्छिक पद्धत सुरू झाली. कपड्याला गुण दिले जातात, आणि आकडा जितका मोठा तितका पर्यावरणावरचा भार जास्त. कच्चा माल, रंगाई, वाहतूक यांच्याबरोबर कपडा किती टिकेल, त्यातून किती सूक्ष्म तंतू सुटतील, हेही हिशेबात धरतात. पद्धत सरकारने ठरवलेली आणि सर्वांना खुली आहे. एकाही कंपनीवर सक्ती नाही, पण असा एकत्रित आकडा दाखवायचा असेल तर याच पद्धतीने मोजावा लागतो.

भारतीय सूत आणि कपडे युरोपात जातात. तिथला खरेदीदार उद्या कापूस कुठला आणि कसा पिकवला हे विचारील, तेव्हा तो प्रश्न सूतगिरणीतून जिनिंगला आणि जिनिंगमधून शेतकऱ्याला विचारला जाणार. ज्याच्याकडे नोंदी असतील, त्याचा माल आधी उचलला जाईल.

गैरसमज ८ : लेबल चांगले असले की कितीही कपडे घ्यावेत.

वस्तुस्थिती : चार धुण्यांत विटणारा सेंद्रिय टी-शर्ट आणि दहा वर्षे अंगावर राहणारा साधा शर्ट यांत जमिनीवर आणि पाण्यावर कमी भार कोणाचा, हे सांगायला लेबल लागत नाही. मराठवाड्यातल्या बायकांनी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून एकेका कापडाचे आयुष्य वाढवले. तो हिशेब आजही सर्वांत खात्रीचा आहे. कापड दाट आहे का, शिवण पक्की आहे का, दुरुस्त करता येईल का, हे आधी पाहावे आणि मग लेबल.

दुकानात उभे असताना

पहिल्यांदा धागा कोणता आणि किती टक्के, ते वाचा. मग चिन्हाजवळ तपासणाऱ्या संस्थेचे नाव आणि क्रमांक आहे का, ते बघा. असल्यास मोबाइलवर पडताळा. त्यानंतर हे लेबल शेताबद्दल बोलते, रंगाईबद्दल, कामगाराबद्दल की फक्त तयार कापडाबद्दल, ते ओळखा. लेबल नाही म्हणून कपडा वाईट ठरवू नका. प्रमाणपत्राचा खर्च न झेपणारे कितीतरी विणकर आणि छोटे शेतकरी चोख काम करतात. अशा वेळी दुकानदाराला माल कुठून आला ते विचारा. गिऱ्हाइके विचारू लागली की दुकानदार ठोक व्यापाऱ्याला विचारतो आणि प्रश्न मागे मागे सरकत जातो.

जिंतूरच्या शेतकरी गटांनी, बाजार समितीने आणि जिनिंगचालकांनी आता मागणी करावी ती देशी व सेंद्रिय कापसाच्या वेगळ्या खरेदीची, वेगळ्या साठ्याची आणि नोंदवहीची. लेबल शहरात छापले जाते, पण त्यावरचा शब्द खरा ठरतो तो शेतात आणि जिनिंगमध्ये. तो खरा ठरवणाऱ्याला भावातला वाटा मिळावा, यासाठी ग्राहकाने लेबल वाचायला शिकले पाहिजे आणि शेतकऱ्याने नोंद ठेवायला.