खाडीपलीकडचा तह

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथे बिऱ्हाड थाटलेल्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस, आपण एका जुन्या सरहद्दीच्या आत राहतो, याची कल्पना नसेल. ही सारी गावे साष्टीची. साष्टी इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला घेऊन बळकावली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांजकडेच राहिली. वसई मात्र पेशव्यांस परत मिळाली. आज लोकलगाडी क्षणात ओलांडते ती भाईंदरची खाडी तेव्हा दोन राज्यांची सीमा होती.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरच्या रणात यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा मोड केला. दुसऱ्या बाजीरावांनी सिंहगडाची वाट धरली; पण त्याच दिवशी इंग्रज रेसिडेंट कर्नल क्लोज यांजकडे त्यांचा कागद पोचला होता, की कंपनीची सहा पलटणे पदरी ठेवतो व त्यांच्या खर्चास २५ लक्षांचा मुलूख तोडून देतो. घर सोडण्याआधीच घराचा सौदा!

पुण्यात आता मसनद रिकामी. अमृतरावांनी कारभार पाहावा व त्यांचे पुत्र विनायकराव यांस गादीवर बसवावे, हा होळकरांचा मनसुबा. त्यास इंग्रजांची संमती हवी, म्हणून क्लोजसाहेबांनी पुण्यातच राहून मध्यस्थी करावी, असा त्यांनी फार आग्रह धरला. साहेबांनी गोड बोलून महिनाभर काढला आणि नोव्हेंबरअखेर मुंबईची वाट धरली. वकिलाचे नुसते राहणेही नव्या धन्यास मान्यता ठरते, हे ते पुरते ओळखून होते. आमच्या मते तहाचा निम्मा निकाल या प्रस्थानानेच लागला.

बाजीराव रायगड, महाड, सुवर्णदुर्ग असे करीत डिसेंबरात समुद्रमार्गे वसईस उतरले. मुलूख स्वतःचा, पण इंग्रज हाकेच्या अंतरावर. ३१ डिसेंबरास तह झाला. सहा हजारांहून कमी नाही इतके पायदळ, त्यासाठी २६ लक्षांचा मुलूख, सुरतेवरील हक्कावर पाणी, आणि निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यांत कंपनीचा निवाडा. १३ मे १८०३ रोजी बाजीराव पुन्हा पुण्यात मसनदीवर बसले.

सारे खापर एकट्या बाजीरावांच्या माथी फोडण्याची आपणांकडे रीत आहे. पण परक्याचा पाठिंबा दोन्ही पक्षांना हवा होता, हे विसरून चालत नाही.

सहासष्ट वर्षांनी जपानात असाच प्रसंग आला. १८६८ च्या जानेवारीत तोबा-फुशिमीच्या लढाईत हरलेला शोगुन योशिनोबू हाही ओसाकाहून जहाजानेच येडोस परतला. फ्रेंच वकील रोश त्यास झुंज चालू ठेव म्हणून भरीस घालीत होता. योशिनोबूने ते मानले नाही व बादशहापुढे मान तुकविली. इतर परदेशी वकिलांसह इंग्रज वकील पार्क्सने तटस्थता जाहीर केली, आणि वारे ओळखून २२ मे रोजी ओसाकास तरुण बादशहा मुत्सुहितोपुढे आपली अधिकारपत्रे ठेवली. तेथे गादीचा निकाल घरातल्या घरात लागला. वकिलांस फक्त तो मान्य करावा लागला.

आमच्या अमृतरावांनी १८०३ मध्येच इंग्रजांकडून सालीना सात लक्ष घेऊन काशीवास पत्करला. बाजीरावांस पुढे, १८१८ त, आठ लक्ष मिळाले आणि राहण्यास ब्रह्मावर्त.