घरगुती चित्रणाच्या तबकड्या

हुबळी-धारवाडच्या परिसरात ‘तबकडी’ हा शब्द उच्चारला की प्रथम आठवतात त्या गाण्याच्या तबकड्या. १९३० नंतरच्या दशकात गंगूबाई हनगल यांचा आवाज ग्रामोफोनच्या तबकडीवर उतरला, तेव्हा तिच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे ती तबकडी निराळी. ती तळहातावर मावेल एवढी, आठ सेंटिमीटर व्यासाची असते. हिताची, सोनी, पॅनासॉनिक इत्यादी कंपन्यांनी २००० नंतरच्या दशकात या छोट्या डीव्हीडीवर थेट चित्रण करणारे घरगुती कॅमेरे विकले. पुढे स्मृतिपत्रे, म्हणजे मेमरी कार्डे, स्वस्त झाली आणि हे कॅमेरे मागे पडले. तबकड्या मात्र मुंजी, लग्ने, बारशी आणि सहस्रचंद्रदर्शने पोटात घेऊन कपाटांत पडून आहेत.

या तबकड्यांची चिंता कशासाठी करावयाची, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे. मल्लिकार्जुन मन्सूर, बसवराज राजगुरू, भीमसेन जोशी यांचे गाणे जपून ठेवण्यास कंपन्या होत्या, आणि १९५० पासून धारवाडचे आकाशवाणी केंद्रही होते. परंतु आपल्या घरातल्या आजीचे बोलणे जपून ठेवणारी संस्था कोठेही नाही. धारवाडकडच्या मराठी घरांतील भाषा शेकडो वर्षे कन्नडच्या शेजारी नांदली. ज्यांना १९७३ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले ते कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठीच होती. या शेजारामुळे येथील मराठीच्या वाक्याला जो हेल आला, जे शब्द सहज मिसळले, ते पुस्तकात फारसे सापडत नाहीत. ते लग्नाच्या मांडवात मुलांना हाका मारणाऱ्या एखाद्या आजीच्या तोंडी सापडतात. आणि अशी आजी पुष्कळ घरांत आता केवळ त्या तबकडीतच उरली आहे.

ग्रामोफोनची तबकडी आणि ही तबकडी यांत एक मोठा भेद आहे. जुन्या तबकडीवर आवाज खोबणीच्या रूपाने कोरलेला असे. तिच्यावर ओरखडे उठले तरी सुई खरखरत का होईना गाणे ऐकवी. कॅमेऱ्यातल्या एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीत पारदर्शक प्लास्टिकच्या थराखाली सेंद्रिय रंगाचा पातळ लेप असतो. लेसरचा किरण त्या लेपावर सूक्ष्म डाग उमटवितो, आणि त्या डागांतूनच पुढे चित्र व ध्वनी वाचले जातात. ऊन, उष्णता आणि दमट हवा हे या लेपाचे वैरी होत. धारवाडच्या पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांनाही वास येतो, मग तबकडीची काय कथा? शिवाय हिची खरखर आधी ऐकू येत नाही. एके दिवशी यंत्र ती वाचण्याचेच नाकारते. म्हणून मला जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे: तबकडी जिने लिहिली तो कॅमेरा चालू आहे तोवर आतील मजकूर जसाच्या तसा बाहेर काढून घ्यावा, आणि कापाकापीचा विचार त्यानंतर करावा.

पहिली पायरी कॅमेऱ्यातच घडते. चित्रण संपले म्हणजे तबकडी पूर्ण झाली असे होत नाही. तिच्यावर अनुक्रमणिका लिहून तिला पूर्णविराम द्यावा लागतो. कॅमेऱ्याच्या भाषेत यास ‘फायनलाइझ’ म्हणतात. पूर्णविराम न दिलेली तबकडी संगणकात घातली, तर ती कोरी आहे असे संगणक सांगतो आणि ‘फॉर्मॅट करू काय?’ असे विचारतो. या प्रश्नाला होकार कधीही देऊ नये. तबकडी पुन्हापुन्हा लिहिता येणाऱ्या जातीची असेल, तर त्या एका होकाराने सारे चित्रण पुसले जाईल. ती बाहेर काढून, जिने लिहिली त्याच किंवा त्याच कंपनीच्या तशाच कॅमेऱ्यात घालावी, कॅमेरा विजेच्या जोडणीवर ठेवावा, आणि मगच फायनलाइझ करावे. मध्येच बॅटरी संपली तर तबकडी अर्धवट राहून निकामी होण्याचा संभव असतो.

दुसरी पायरी संगणकाची. छोटी तबकडी वाचण्यास ज्याचा खण बाहेर सरकतो असाच ड्राइव्ह घ्यावा. खणाच्या मध्यभागी लहान तबकडीसाठी खोलगट वर्तुळ असते. ज्या यंत्राला नुसती फट असते, त्यात ही तबकडी घातली तर ती अडकून बसते. तबकडी उघडली की साधारणतः ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा एक फोल्डर दिसतो. त्यातील ‘आयएफओ’ फायलींत अनुक्रमणिका असते, ‘बीयूपी’ ही तिचीच प्रत, आणि ‘व्हीओबी’ या मोठ्या फायलींत चित्र व ध्वनी असतात. पुष्कळ लोक नेमकी एक चूक करतात: मोठ्या फायली तेवढ्या उचलतात आणि लहान फायली निरुपयोगी समजून सोडून देतात. परंतु कोणता प्रसंग कोठे सुरू झाला आणि कोठे संपला हे त्या लहान फायलींतच लिहिलेले असते. तेव्हा संपूर्ण फोल्डर उचलावा. त्याहून उत्तम म्हणजे साऱ्या तबकडीची ‘आयएसओ’ स्वरूपाची एकच प्रतिमा करून ठेवावी. एका तबकडीत सुमारे १.४ गिगाबाइट मजकूर मावतो, म्हणजे मध्यम प्रतीचे सुमारे अर्ध्या तासाचे चित्रण. घरात अशा ५० तबकड्या असल्या तरी सारा संसार ७० गिगाबाइटचा. आजच्या हार्ड डिस्कवर हे ओझे मुळीच जड नाही.

आता संपादनाचा प्रश्न. या फायली संगणकावर दिसतात, मग त्या कापता का येत नाहीत? याचे कारण चित्र साठविण्याच्या रीतीत आहे. आपल्याकडील पद्धतीत एका सेकंदास २५ चित्रे असतात. ती सर्वच्या सर्व पुरी साठविली तर तबकडी काही मिनिटांतच भरेल. म्हणून एमपेग-२ या रीतीत दहा-पंधरा चित्रांच्या गटात एकच चित्र संपूर्ण ठेवतात, आणि बाकीच्यांत आधीच्या-नंतरच्या चित्रांहून काय बदलले एवढीच नोंद करतात. अशा गटाच्या मध्यावर कात्री चालविली की उरलेल्या चित्रांचा आधारच तुटतो. ही रीत पाहण्यासाठी योजलेली आहे, कापण्यासाठी नव्हे.

यावर दोन उपाय आहेत, आणि त्यांतील फरक ध्यानी घेतला पाहिजे. पहिला म्हणजे नुसते वेष्टन बदलणे. धान्य पोत्यातून डब्यात ओतले तरी धान्य तेच राहते. तसे चित्र व ध्वनी यांस धक्का न लावता ते व्हीओबीतून काढून दुसऱ्या स्वरूपाच्या फायलीत ठेवता येतात. मेकएमकेव्ही ही प्रणाली अनुक्रमणिका वाचून हे काम नीट करते. एफएफएमपेग जाणणाऱ्यास तिनेही ते साधते. यात प्रतीचा कणभरही ऱ्हास होत नाही. दुसरा उपाय म्हणजे चित्र नव्याने दाबून लहान फाईल करणे. हँडब्रेक ही प्रणाली हेच करते. हे धान्य दळण्यासारखे आहे. पीठ सोयीचे खरे, पण पिठाचे पुन्हा धान्य होत नाही. फोनवर पाठविण्यासाठी अशी लहान फाईल जरूर करावी, परंतु तीच मूळ प्रत समजून तबकडी टाकून देऊ नये. बाजारातील दुकानात काम सोपविले तरी ‘लहान फाईल द्या, आणि तबकडीची जशीच्या तशी प्रतही द्या’ असे आवर्जून सांगावे.

संपादनाच्या वेळी आणखी दोन अडचणी हमखास येतात. काही प्रणालींत चित्र दिसते, पण आवाज येत नाही. कारण तबकडीवरील ध्वनी पुष्कळदा डॉल्बी पद्धतीचा असतो आणि ती पद्धत त्या प्रणालीस मान्य नसते. अशा वेळी चित्रास हात न लावता केवळ ध्वनी ‘वेव्ह’ स्वरूपात उतरवून घ्यावा. दुसरी अडचण म्हणजे हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्याचे दात दिसतात. तो दोष नव्हे. जुन्या दूरदर्शन-संचासाठी प्रत्येक चित्र एक-आड-एक रेषांच्या दोन भागांत घेतलेले असते, आणि संगणक ते दोन्ही भाग एकदम दाखवितो. हे दात काढण्याची सोय प्रत्येक चांगल्या प्रणालीत असते; मात्र ती मूळ फायलीवर न वापरता शेवटच्या प्रतीवरच वापरावी.

तबकडी वाचतच नसेल तर? ती मऊ, कोरड्या कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी. एका यंत्राने नाकारलेली तबकडी दुसरे यंत्र कधीकधी वाचते. तेही न साधल्यास कॅमेऱ्यातच ती लावावी आणि कॅमेऱ्याच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारांतून येणारे चित्र व ध्वनी संगणकावर मुद्रित करून घ्यावे. प्रत थोडी उतरेल, पण आवाज हाती लागेल. आणि असल्या चित्रणात खरे मोल पुष्कळदा आवाजाचेच असते.

शेवटचे काम यंत्राचे नाही, माणसाचे आहे. फाईलला ‘मूव्ही एक’, ‘मूव्ही दोन’ अशी नावे देऊन भागत नाही. कोणाचे कार्य, कोणते गाव, कोणते साल, हे नावातच लिहावे. घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून चित्रण दाखवावे, आणि चेहरे ओळखून कोण कोणाचे कोण हे टिपून घ्यावे. धारवाडच्या मावशी कोणत्या, कुंदगोळचे काका कोणते, हे सांगणारी माणसेही तबकडीइतकीच जपून विचारावयास हवीत. मग एक प्रत घरी, एक दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे ठेवावी, आणि मूळ तबकड्या उभ्या डबीत, कोरड्या व अंधाऱ्या जागी राहू द्याव्यात.

श्रोतेहो, गवयाची तबकडी हरवली तर दुसरीकडे तिची जोड सापडते. रसिकांनी ती शेकडो घरांत विकत घेतलेली असते. आपल्या घरच्या तबकडीची जोड जगात कोठेही नाही. या पावसाळ्यापूर्वी कपाट उघडून तेवढे पाहावे, इतकीच विनंती.