भानामतीचा दगड येतो कुठून?

भुताखेतांवर विश्वास आहे का, असं सोलापुरात कुणालाही विचारलं तर बहुतेक जण आधी ‘छे’ म्हणतील आणि दोन वाक्यांनंतर ‘पण काहीतरी असतंच’ अशी जोड देतील. नवी पेठेतल्या दुकानावर शनिवारी नवी लिंबू-मिरची चढते, अमावस्येला तिकटीवर पडलेला उतारा दिसला की मोटारसायकल बाजूने काढली जाते, पोराचा ताप हटेना की दवाखान्याबरोबर दृष्टही काढली जाते. लोक भूत मानतात की नाही हे त्यांच्या तोंडच्या उत्तरापेक्षा अशा वागण्यातून जास्त कळतं. या विषयावरचा वाद मात्र नेहमी दोनच टोकांना होतो. एक म्हणतो भूत आहेच, दुसरा म्हणतो हे सगळं थोतांड आणि मानणारे मूर्ख. ज्याला काहीतरी दिसलं, ऐकू आलं किंवा ज्याच्या घरावर दगड पडले, तो माणूस दोघांच्याही हिशेबात नसतो. त्याचा अनुभव बहुतेक वेळा खराच असतो. चुकतो तो त्या अनुभवाचा लावलेला अर्थ, आणि त्या चुकीची किंमत घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसाकडून वसूल होते. म्हणून हे गैरसमज नीट उलगडायला हवेत.

पहिला गैरसमज असा की भुताला मानणारे म्हणजे अडाणी, खेड्यातले. गॅलप या संस्थेने 2005 मध्ये अमेरिकेत केलेल्या पाहणीत 32 टक्के लोकांनी मेलेल्या माणसांचे आत्मे परत येतात असं मानत असल्याचं सांगितलं. प्यू या संस्थेच्या 2009 च्या पाहणीत 18 टक्के अमेरिकनांनी आपण भूत पाहिलं किंवा त्याच्या सान्निध्यात होतो असं नोंदवलं. शेरलॉक होम्ससारखा काटेकोर तर्क करणारा नायक घडवणारे आर्थर कॉनन डॉइल स्वतः डॉक्टर होते. त्यांनी 1920 मध्ये इंग्लंडमधल्या दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रं खरी मानून त्यांच्यावर जाहीरपणे लिहिलं. त्या पऱ्या कागदाच्या कापलेल्या होत्या, हे त्या मुलींनी म्हातारपणी, 1983 मध्ये कबूल केलं. आपल्याकडे प्लँचेट करायला बसणारी मंडळीही पांढरपेशी आणि शिकलेलीच असत. वाटी अक्षरांवरून सरकते ती आपल्याच बोटांच्या नकळत पडणाऱ्या दाबामुळे. लंडनमध्ये टेबलं ‘आपोआप’ फिरू लागली तेव्हा मायकेल फॅरडे यांनी 1853 मध्ये प्रयोग करून नेमकं हेच दाखवलं होतं. टेबलाभोवती बसलेले लोक लबाड नव्हते. आपणच ढकलतो आहोत हे त्यांना खरोखर कळत नव्हतं. शिक्षणाने भीतीची भाषा बदलते, भीती जातेच असं नाही.

यातूनच दुसरा गैरसमज पुसता येतो, की भूत पाहिलं म्हणणारा खोटं बोलतो. मध्यरात्री जाग येते, डोळे उघडे असतात, पण हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही आणि छातीवर कुणीतरी बसल्याचं स्पष्ट जाणवतं. याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. स्वप्न पडण्याच्या झोपेत शरीर हालू नये म्हणून मेंदू स्नायू सैल सोडतो. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. मधल्या त्या काही क्षणांत स्वप्नातली आकृती उघड्या डोळ्यांसमोर उभी राहते. साधारण 100 पैकी 8 जणांना आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. चकव्याचंही तसंच. रानात रात्री वाट चुकलेला माणूस फिरून फिरून त्याच बाभळीपाशी येतो आणि चकवा लागला म्हणतो. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी 2009 मध्ये जंगलात आणि सहारा वाळवंटात माणसं चालवून पाहिली. सूर्य किंवा चंद्र दिसेनासा झाला की सरळ चाललोय असं वाटत असतानाच ती वळू लागली. डोळे बांधून चालणाऱ्यांनी तर जेमतेम 20 मीटर व्यासाची वर्तुळं काढली. सोलापूरचा माळ सपाट आहे. अंधारात रोख धरायला ना डोंगर, ना दिवा. अशा ठिकाणी माणूस चकणारच. त्या माळावर रात्री करवानक पक्षी काळीज चिरणारी शीळ घालतो आणि पडक्या वाड्याच्या माळवदाखाली गव्हाणी घुबड घोरल्यासारखा फुत्कार टाकतं. ऐकणाऱ्याने जे ऐकलं ते खरंच ऐकलेलं असतं.

पण सोलापूरला ज्या भुताने सर्वाधिक छळलं आहे ते रानातलं नाही, घरातलं आहे. मराठवाडा, सोलापूर, कर्नाटकातले कलबुर्गी आणि बीदर, पलीकडे तेलंगण, या सलग पट्ट्यात भानामतीची समजूत मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्या घरांत सारखीच आढळते. आणि सोलापूर शहर तर या तिन्ही भाषांचं. भानामतीची लक्षणंही जवळपास ठरलेली. पत्र्यावर दगड पडतात, दांडीवरचे कपडे फाटतात किंवा पेट घेतात, शिजलेल्या भातात शेण निघतं, पोरीच्या डोळ्यांतून खडे येतात, अंगावर आणि लुगड्यावर काळ्या फुल्या उमटतात. घर हादरून जातं. मग देवऋषी येतो, कुणीतरी करणी केली म्हणतो, बोट शेजारच्या विधवेकडे किंवा दूर राहणाऱ्या चुलत भावाकडे जातं आणि पिढ्यांचं वैर उभं राहतं.

आधी यातली एक गोष्ट जवळून पाहू. फुल्या उमटतात त्या बिब्ब्याने. हे फळ बाजारात झाडपाल्याच्या दुकानात सहज मिळतं, आणि परीट कपड्यांवर खूण करायला पूर्वीपासून त्याचाच रस वापरत आले. रस लागतो त्या क्षणी विशेष काही दिसत नाही. हवा लागून तो हळूहळू काळा पडतो आणि कातडीवर फोड उठायला एक-दोन दिवसही जातात. म्हणजे फुली काढणारा हात केव्हाच निघून गेलेला असतो आणि फुली ‘आपोआप’ उमटते, तीही सगळ्यांच्या देखत. ज्याने काढली तोही तेव्हा समोरच बसलेला असू शकतो, म्हणून त्याच्यावर संशय जात नाही. पेटणाऱ्या कपड्यांचंही गूढ असंच उकलतं. पांढरा फॉस्फरस हवेत साधारण 30 अंश सेल्सियसला स्वतःहून पेट घेतो आणि सोलापूरचा एप्रिल-मे 40 च्या वर असतो. अर्थात घरगुती भानामतीत रसायन क्वचितच लागतं, बहुधा काडेपेटीवरच भागतं. डोळ्यांतले खडे खालच्या पापणीच्या खोबणीत आधीच ठेवलेले असतात. दगडाचं तर विचारायलाच नको. छपराकडे सगळ्यांची नजर असते, फेकणाऱ्या हाताकडे कुणाचीच नसते.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या नेतृत्वाखाली 1989 पासून अशी असंख्य प्रकरणं हाताळली. घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं, शांतपणे बोलायचं, कुठली घटना घडली तेव्हा कोण कुठे होतं याचा माग काढायचा, हीच पद्धत. जवळजवळ प्रत्येक वेळी करणारा हात घरातलाच निघतो आणि तो बहुधा ज्याचं घरात कुणी ऐकत नाही अशा व्यक्तीचा असतो. शाळा सोडवलेली मुलगी, सासरी रुळू न शकलेली सून, मनाविरुद्ध लग्न ठरलेली पोर, अपेक्षांखाली दबलेला मुलगा. तोंडाने जे बोलता येत नाही ते दगडाच्या रूपाने बाहेर पडतं. म्हणून असं करणाऱ्याचं नाव चारचौघांत फोडायचं नाही, त्याच्याशी बोलायचं, गरज असेल तर उपचार मिळवून द्यायचे, हा समितीचा कटाक्ष राहिला. मला या सगळ्या कामातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. गुन्हेगार शोधायला निघालेल्या गावाला तिथे एक दुखावलेलं माणूस सापडतं.

इथे हमखास एक आक्षेप येतो. मांत्रिकाकडे जाऊन, गाणगापूरला राहून लोक बरे होतात, ते कसं? सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं गाणगापूर हे भीमा-अमरजा संगमावरचं दत्तक्षेत्र, लाखोंच्या श्रद्धेचं. तिथे दुपारच्या आरतीला ‘बाधा’ झालेली माणसं किंचाळतात, खांबांवर चढतात, हे अनेकांनी पाहिलेलं आहे. ही माणसं सोंग करतात असं मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात अशा झपाटल्या अवस्थेची स्वतंत्र नोंद आहे. मनावरचा ताण असह्य झाला की जाणिवेचा एक तुकडा सुटा होतो आणि दुसऱ्याच्या आवाजात बोलू लागतो. त्याच वर्गीकरणात हेही स्पष्ट आहे की समाजमान्य धार्मिक विधीत अंगात येणं हा आजार धरायचा नाही. आता बरं वाटण्याचं पाहू. छळाच्या घरातून बाहेर पडणं, काही आठवडे मोकळ्या जागेत राहणं, आप्तांनी आपल्यासाठी प्रवास करणं, आपलं दुःख सगळ्यांनी खरं मानणं, याने अशा रुग्णाला उतार पडतो यात नवल नाही. शिवाय हे झटके येतात आणि ओसरतात, त्यांचा स्वभावच तसा. घोळ होतो तो पुढे. त्याच रांगेत फेफऱ्याचा रुग्ण असतो, स्किझोफ्रेनियाचा असतो, मेंदूला सूज आलेलं मूलही असतं. त्यांना मोकळी हवा पुरत नाही, औषध लागतं आणि ते वेळेत लागतं. सर्पदंशावर मंत्र ‘चालतो’ तोही याच हिशेबाने. बहुतेक साप बिनविषारीच असतात, त्यामुळे मांत्रिकाच्या नावावर यश जमा होत जातं आणि मण्यार किंवा घोणस चावलेला माणूस मात्र दगावतो.

रुग्णाला बांधून ठेवणं हा तर उपचार नव्हेच. तमिळनाडूतल्या एरवाडी इथे 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली. तिथले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, पळता आलं नाही, 28 जण मेले. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी घातली. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या 10.6 टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक विकार होता आणि विकारागणिक 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचत नव्हते. ज्या घराला डॉक्टर सापडत नाही, त्या घराला देवऋषी सापडतो. म्हणून देवऋषीकडे जाणाऱ्याला हसण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही.

‘विज्ञानाला तरी सगळं कुठे कळलंय?’ हा पुढचा प्रश्न. नाहीच कळलेलं. पण कारण माहीत नाही याचा अर्थ इतकाच की कारण माहीत नाही. त्या रिकाम्या जागी भूत बसवायचं असेल तर भुताचा वेगळा पुरावा द्यावा लागेल. तो देण्याची संधीही भरपूर मिळाली आहे. अमेरिकेत जादूगार जेम्स रँडी यांनी 1964 मध्ये जाहीर केलेलं बक्षीस पुढे 10 लाख डॉलरपर्यंत गेलं आणि 2015 मध्ये ते बंद होईपर्यंत एकालाही जिंकता आलं नाही. महाराष्ट्रात समितीचं 21 लाखांचं आव्हान आहे. करणीने माणूस मारता येतो म्हणणाऱ्यांपैकी कुणीही ते स्वीकारून, ठरलेल्या कसोटीवर उतरून दाखवलेलं नाही.

राहिला कायदा. जादूटोणाविरोधी कायद्याने देवधर्मावर बंदी आणली, हा समज अजून ऐकू येतो. दाभोलकरांचा खून 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. त्यात वारी, भजन, कीर्तन, हरिपाठ, प्रदक्षिणा, एवढंच काय, दिवंगत संतांच्या चमत्कारांच्या कथा सांगणं आणि ज्योतिषाचा सल्लाही स्पष्ट शब्दांत वगळला आहे. भूत आहे असं मनात मानणं हा गुन्हा नाही. भूत उतरवतो म्हणून माणसाला बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, एखाद्याला करणी करणारा ठरवून त्याचं जगणं मुश्कील करणं, साप किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, हे गुन्हे आहेत. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं आणि दंड 5 हजार ते 50 हजार रुपये, गुन्हा अजामीनपात्र. गाणगापूर ज्या राज्यात आहे त्या कर्नाटकानेही 2017 मध्ये असाच कायदा केला.

तेव्हा तुमच्या गल्लीत कुणाच्या घरावर दगड पडू लागले, तर गर्दी करू नका, फोटो पसरवू नका आणि शेजाऱ्यावर आळ घेऊ नका. त्या घरात सध्या सगळ्यात गप्प कोण आहे, ते पाहा आणि त्याच्याशी एकट्याने बोला. कुणाला मारहाण होत असेल तर पोलीस ठाण्यात कळवा; या कायद्याखाली दक्षता अधिकारी नेमलेले आहेत. आजाराची शंका असेल तर सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात न्या. तेही लगेच जमत नसेल तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक फिरवा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.