कान्हेरीला जा, पण भर पावसात

कान्हेरीची लेणी बघायची तर पावसाळ्यातच बघावीत, असं माझं ठाम मत आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात सहली निघतात, त्याही छानच होतात. पण हा डोंगर एवढ्या मेहनतीनं कशासाठी कोरला हे कळतं ते धो धो पाऊस पडताना. म्हणून लेक, जावई आणि दोन्ही नातवंडांना घेऊन मी ऑगस्टमध्ये गेले. सोमवारी उद्यान बंद असतं आणि रविवारी रेटारेटी असते, म्हणून शनिवारी सकाळी लवकर निघालो. दशम्या आणि लसणीच्या चटणीचा डबा पिशवीत खाली दडवला होता. इथली माकडं हातातली पिशवी हिसकावतात. हौसेनं खायला घालणाऱ्या माणसांनीच त्यांना ही सवय लावली आहे.

फाटकापासून लेण्यांपर्यंतचा रस्ता जंगलातून जातो. धाकटीचं सगळं लक्ष झाडीत, बिबळ्या दिसतो का ते बघण्यात. तो इथे राहतो, पण दिवसा सहसा दिसत नाही.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षं इथं खोदकाम चालू होतं, आणि लेणी शंभराहून जास्त आहेत. सगळी बघायला जाऊ नये. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य सावकाश बघावा. त्याच्या ओसरीत दोन बाजूंना बुद्धाच्या दोन प्रचंड उभ्या मूर्ती आहेत. तिथून पुढे कातळातल्या पायऱ्यांनी वर चढावं आणि पाण्याच्या मागे जावं.

“आजी, नळ नव्हते तर एवढे भिक्खू पाणी कुठून आणायचे?” नातवानं विचारलं. उत्तर त्याच्या पायाशीच वाहत होतं. कातळाच्या उतारावर बोटभर खोल पन्हळी कोरल्या आहेत. वरून येणारं पाणी त्या वळवतात आणि विहारांच्या दाराशी खोदलेल्या टाक्यांमध्ये सोडतात. टाक्याचं तोंड लहान, पोट मोठं आणि कातळाच्या आत, त्यामुळे ऊन लागत नाही आणि पाणी कमी उडून जातं. चार महिन्यांचा पाऊस उरलेल्या आठ महिन्यांना पुरवायचा, तोही ठिकठिकाणी, ज्याच्या त्याच्या दारात! नातू पन्हळीत वाळकं पान सोडून त्याच्यामागे धावत सुटला.

अशी टाकी लोक दान म्हणून खोदून देत, आणि तसं दगडात लिहूनही ठेवत. इथल्या शिलालेखांतले दाते कल्याणचे आहेत, सोपाऱ्याचे आहेत. आज आपण लोकलच्या पाट्यांवर वाचतो तीच ही गावं. देवळाला घंटा देण्याइतकंच, किंबहुना जास्तच, पुण्य मला या दानात वाटतं.

हेच डोंगर पुढे मुंबईच्याही उपयोगी पडले. 1860 मध्ये विहार तलाव झाला, 1879 मध्ये तुळशी. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी शहराच्या हद्दीत हे दोनच आहेत. दोन्हींच्या भोवती हे जंगल आहे, म्हणून पावसाचा मारा आधी पानांवर बसतो, खालचा पाचोळा पाणी धरून ठेवतो आणि माती धुपून तलावात कमी जाते. झाडं तोडली तर तलाव गाळानं भरायला वेळ लागणार नाही. उद्यानाबद्दल बोलताना आपण बिबळ्या आणि ताजी हवा एवढंच बोलतो, आणि पाण्याचं विसरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

परतताना मुलांना दहिसर नदी मुद्दाम दाखवली. तुळशीकडून येणारी ही नदी उद्यानात तळातले गोटे दिसतील इतकी नितळ वाहते. मग आम्ही रिक्षा करून दहिसरच्या पुलावर गेलो. तिथं तीच नदी तबेल्यांचं शेण आणि गटारांचं पाणी घेऊन मनोरीच्या खाडीकडे चालली होती. धाकटीला ती एकच नदी आहे हे पटेना. तिच्या आईनं फोनवर नकाशा काढला आणि तुळशीपासून पुलापर्यंतची निळी रेघ तिला बोटानं गिरवायला लावली.