जहाजाची सहल : जाहिरातीतला दर आणि घरातला हिशेब

वर्षावासाच्या शेवटच्या रविवारी विहारातील वंदना आटोपून आम्ही बाहेर पडत होतो. आमच्या वस्तीतील एका काकांनी मला थांबविले. तीस वर्षे मुंबईच्या गोदीत मालाची चढ-उतार करून ते निवृत्त झालेले. सोबत त्यांची सून होती आणि तिच्या हातात एक रंगीत पत्रक होते. ‘मुंबईहून समुद्रसफर. दोन रात्री. जेवण, मनोरंजन सर्व समाविष्ट. मुले मोफत.’

काका म्हणाले, “भाऊ, तुम्ही कॉमर्सवाले. एवढं जरा बघून सांगा. आयुष्यभर जहाजं भरली आन् रिकामी केली. एकदा हिला घेऊन वर बसायचंय. ग्रॅच्युइटीतले थोडे पैसे बाजूला ठेवलेत.”

आपल्या माणसांनी हौस करू नये असे मला कधीच वाटत नाही. ज्यांच्या घामावर गोदी चालली, त्यांनी एकदा जहाजावर बसून समुद्र पाहावा यात गैर काय? परंतु हौसेचा पैसा कष्टाचा आहे आणि समोरचा व्यापारी फार हुशार आहे. म्हणून त्या पत्रकाच्या निमित्ताने या धंद्याचा हिशेब वाचकांपुढे मांडीत आहे.

प्रवासाची सहल कशी झाली?

एके काळी परदेशी जायचे तर जहाजाशिवाय मार्ग नव्हता. पहिल्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ४ ऑक्टोबर १९३० रोजी मुंबईहून निघाले ते ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या जहाजाने. त्या काळी तिकीट म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचण्याचे भाडे होते. १९५८ पासून अटलांटिक महासागरावरून जेट विमाने नियमित उडू लागली आणि काही वर्षांतच प्रवासी जहाजे ओस पडली. मग कंपन्यांनी नवी युक्ती काढली. पोहोचायचे कोठेच नाही, जहाजावर राहणे हीच सहल!

हा धंदा वाढला अमेरिकेतील मायामी बंदरात. १९७२ साली टेड ॲरिसन यांनी एक जुने जहाज घेऊन ‘कार्निव्हल’ कंपनी सुरू केली. पहिल्याच सफरीत ते जहाज मायामीजवळ वाळूत रुतले. परंतु कंपनी बुडाली नाही, पुढे जगातील सर्वांत मोठी झाली. तिचे सूत्र सोपे होते. तिकीट स्वस्त ठेवून जहाज भरायचे आणि माणूस जहाजावर चढला की बार, जुगार व दुकाने यांतून कमाई करायची.

आज मुंबईहून निघणाऱ्या सफरीही याच धाटणीच्या आहेत. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून सुटणारे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली अमेरिकन कंपनीसाठीच बांधलेले आहे. जहाज तिकडून आले, तशी दर लावण्याची रीतही तिकडूनच आली.

रिकामी खोली म्हणजे बुडालेला पैसा

संध्याकाळ झाली की बाजारातली भाजीवाली जुडीचा भाव खाली आणते. रात्री उरलेली मेथी सकाळी कोणी घेत नाही, हे तिला ठाऊक असते. जहाजाचेही तसेच आहे. भोंगा वाजून जहाज सुटले की रिकाम्या खोलीचा पैसा कायमचा बुडाला. इंधन, पगार आणि बंदराचा खर्च मात्र तेवढाच राहतो. म्हणून कंपनी दर रोज बदलते. शाळेची सुटी, दिवाळी, नाताळ, शनिवार-रविवार या दिवसांत भाव चढतो. सुटी नसलेल्या आठवड्यात, मधल्या वारी तो उतरतो. ‘आज रात्रीपर्यंतच सवलत’ असे लिहिलेले असते, पण पुढच्या आठवड्यात बहुधा दुसरी सवलत निघते. ‘पन्नास टक्के सूट’ वाचल्यावर आधी विचारावे, पन्नास टक्के कशातून? मूळ दर कंपनीनेच ठरविलेला असतो.

भाडे माणशी सांगतात, तेही एका खोलीत दोघे राहतील असे धरून. एकटी विधवा आई किंवा एकटा निवृत्त माणूस गेला, तर बहुधा दोघांचे भाडे भरावे लागते. ‘मुले मोफत’ याचा अर्थ असा की दोन मोठ्यांनी पूर्ण पैसे भरले, तर त्याच खोलीतल्या मुलाचे मूळ भाडे माफ. त्याचे बंदर शुल्क आणि कर माफ होत नाहीत.

उरलेला पैसा कोठून येतो?

कंपन्यांचा ताळेबंद पाहिला की हे गणित उघड होते. कार्निव्हल कॉर्पोरेशनचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे २१.६ अब्ज डॉलर होते. त्यात तिकिटांचे सुमारे १४ अब्ज आणि जहाजावरील विक्री व इतर बाबींचे सुमारे ७.५ अब्ज. म्हणजे तीन रुपयांतला एक रुपया माणूस तिकीट काढून झाल्यावर देतो. स्वस्त तिकीट हा उंबरठा आहे. दुकान आत आहे.

आता ‘सर्व समाविष्ट’ म्हणजे काय ते पाहू. साधारणपणे खोली, मुख्य भोजनगृहातील जेवण, नाचगाण्याचे कार्यक्रम आणि पोहण्याचा तलाव एवढे त्यात असते. दारू, खास उपाहारगृहे, इंटरनेट, छायाचित्रे, मालिश, बंदरावर उतरून गाव पाहण्याची बस आणि जुगार हे सारे वेगळे. खिशातून नोट काढावी लागत नाही. एक कार्ड दाखवायचे आणि पुढे जायचे. शेवटच्या सकाळी बिल येते तेव्हा डोळे उघडतात.

दारूचे पॅकेज ही मोठी मेख आहे. काही अमेरिकन कंपन्यांचा नियम असा की एका खोलीतील एका प्रौढाने ते घेतले, तर दुसऱ्यानेही घेतलेच पाहिजे. नवरा पिणारा, बायको न पिणारी, पैसे दोघांचे! पंचशील पाळणाऱ्या घराने पाचवे शील तर जपावेच, शिवाय हा खर्चही पाहावा. ज्या दरात मद्य ‘मोफत’ म्हटले आहे, त्या दरात त्याची किंमत मिसळलेली असते. न पिणाऱ्याने तो दर घेऊच नये. मद्याशिवायचा साधा दर मागावा.

काकांच्या पत्रकाचा हिशेब

कागद-पेन्सिल घेऊन आम्ही विहाराच्या पायरीवर बसलो. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, कारण खरे दर रोज बदलतात. समजा, पत्रकावरील भाडे माणशी १५,००० रुपये आहे. काका, काकू, मुलगा, सून असे चार प्रौढ आणि एक नातू. चौघांचे भाडे ६०,००० रुपये. सूनबाईने घरी एवढाच आकडा धरला होता.

आता बारीक अक्षरांतल्या ओळी घेऊ. बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी मिळून माणशी ६,००० धरले, तर ‘मोफत’ नातवासकट पाच जणांचे ३०,००० झाले. जहाजावर चहा-कॉफी, एखादे छायाचित्र, नातवाचा हट्ट, उतरून गाव पाहणे यांचे ८,०००. सामान घेऊन धक्क्यापर्यंत जाण्या-येण्याचे २,०००. एकूण बेरीज १,००,००० रुपये! साठ हजारांचे लाख झाले आणि यात कोणी कोणाला फसविले असेही म्हणता येत नाही, कारण सगळे पत्रकात कोठे ना कोठे लिहिलेले होते. सूनबाई म्हणाली, “काका, मग हे वरच का लिहीत नाहीत?”

तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून १ जुलै २०२४ पासून जाहिरातीतच पूर्ण किंमत सांगणे सक्तीचे केले. तेव्हापासून मोठ्या कंपन्या बंदर शुल्क धरून दर दाखवू लागल्या. कायदा होईपर्यंत त्यांना ते सुचले नव्हते! आपल्याकडेही ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’विषयीची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यातील तेरा प्रकारांमध्ये ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणजे थेंबाथेंबाने किंमत वाढवीत नेण्याचा प्रकार आहे. आधी कमी किंमत दाखवून पैसे भरतेवेळी ती वाढविली, तर तक्रार करण्याचा आपल्याला हक्क आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

स्वस्त दराचा दुसरा वाटेकरी

हिशेब येथे संपला असता, तर हा लेख लिहिला नसता. दर स्वस्त राहण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते आपल्या घरांशी जोडलेले आहे. जहाजावर खोल्या झाडणारे, चादरी बदलणारे, भांडी घासणारे आणि ताटे वाढणारे बहुतेक जण फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि भारतातून जातात. त्यांत गोव्याची व मुंबईची मुले आहेत.

रॉयल कॅरिबियन या कंपनीचे मुख्यालय मायामीला आणि नोंदणी आफ्रिकेतील लायबेरियात. तिची बहुतेक जहाजे बहामाजच्या झेंड्याखाली चालतात. झेंडा ज्या देशाचा, कायदा त्या देशाचा. त्यामुळे अमेरिकन मजुराचे किमान वेतन या कामगारांना लागू होत नाही. हवाई बेटांभोवती फिरणारे ‘प्राइड ऑफ अमेरिका’ हे मोठे जहाज मात्र अमेरिकन झेंड्याचे आहे. त्यावर प्रामुख्याने अमेरिकन कामगार असतात आणि अमेरिकन कामगार कायदे लागतात. त्याचे तिकीटही सहसा महाग असते. एवढ्यावरून ओळखावे की स्वस्त तिकिटाचा काही भार कोणाच्या पाठीवर आहे.

शिवाय पगाराचा काही भाग कंपनी प्रवाशाकडून वेगळा वसूल करते. त्याला ‘ग्रॅच्युइटी’ म्हणतात. आपल्या ग्रॅच्युइटीशी तिचा नावापुरताच संबंध. ही रोजची बक्षिसी. २०२५ साली मोठ्या अमेरिकन कंपन्यांच्या जहाजांवर साध्या खोलीसाठी ती माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर होती. १६ डॉलर धरले तरी चार माणसांचे सात रात्रींचे ४४८ डॉलर होतात. काही प्रवासी काउंटरवर जाऊन ही रक्कम कमी करून घेतात. माझी विनंती आहे की आपण तसे कधी करू नये. कंपनीवरचा राग खोली झाडणाऱ्या मुलावर काढणे हे आपल्याला शोभत नाही.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखाना कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक आले आणि १९४६ साली कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. जहाजांसाठीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात कमाल मर्यादा आठवड्याला ७२ तास आहे किंवा किमान ७७ तास विश्रांती. हा करार २०१३ पासून अमलात आला आणि भारताने तो २०१५ साली मान्य केला. करार चांगलाच आहे, पण ४८ आणि ७२ यांतील अंतर ध्यानात ठेवावे.

याच करारानुसार नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून फी घेता येत नाही. पासपोर्ट, वैद्यकीय दाखला आणि सी.डी.सी. यांचा खर्च तेवढा त्याने करायचा. भरती करणाऱ्या संस्थेकडे मुंबईतील नौवहन महासंचालनालयाचा आर.पी.एस.एल. परवाना असावा लागतो. आपल्या मुलाला जहाजावर लावून देतो म्हणून कोणी लाख-दोन लाख मागितले, तर दागिने मोडण्यापूर्वी परवान्याचा क्रमांक मागा आणि महासंचालनालयाच्या यादीत पडताळून पाहा.

पैसे भरण्यापूर्वी

ज्यांना जायचे आहे त्यांनी पाच प्रश्न विचारून उत्तरे लेखी घ्यावीत. सर्व शुल्क व कर धरून आमच्या कुटुंबाची एकूण रक्कम किती? सेवा शुल्क आत्ता भरायचे की जहाजावर? मद्याशिवायचा दर कोणता? जाणे रद्द झाले, तर कोणत्या तारखेपर्यंत किती परत मिळतील? आणि वादळामुळे बंदर चुकले, तर काय? उत्तर तोंडी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत. खिडकी नसलेली आतली खोली सर्वांत स्वस्त असते. दिवसभर डेकवर बसणाऱ्याला तीच पुरते. कर्ज काढून किंवा हप्त्यावर सहल करू नये, एवढे मात्र आग्रहाने सांगतो.

तथागतांनी सिगाल या गृहस्थपुत्राला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी राखावा. उपभोगाचा भाग त्यांनी वगळला नाही. फक्त चौथ्या भागाला हात लावू नये.

काका-काकू शेवटी दोघेच गेले. हंगामाची गर्दी टाळून, मधल्या वारी, आतल्या खोलीत. मुलगा, सून आणि नातू धक्क्यावर पोहोचवायला आले. बिल आले ते वहीत लिहिलेल्या आकड्याच्या आत होते. खोली झाडणाऱ्या मुलाच्या हातात काकूंनी निघताना वेगळे दोनशे रुपये ठेवले.

पुढच्या रविवारी काका विहारात भेटले. म्हणाले, “भाऊ, वरून गोदी बघितली. तीस वर्षं खालून बघत होतो, एवढी मोठी कधी दिसलीच नव्हती.”

जय भीम!