फळाचे वाटेकरी

मृगाचा पाऊस पडला. जमिनीत ओल उतरली. शेतकऱ्याने पाभर जुंपली आणि चाड्यावर मूठ धरली. दोन-तीन दिवसांत रान पेरून झाले. आता पुढे काय? आता तो आभाळाकडे बघतो. त्याच्या हातचे काम झाले. उरलेले काम त्याच्या हातचे नाही.

हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्याला ते कळते. पण मन ऐकत नाही. अंग खाटेवर असते आणि मन रात्रभर बांधावरून फिरते. पाऊस येईल का? भाव मिळेल का? सोसायटीचे कर्ज फिटेल का? सकाळी उठावे तर हातापायांत बळ नाही. कामाने माणूस जेवढा थकत नाही, तेवढा या घोराने थकतो.

या दुखण्याचा विचार आपल्या भगवद्गीतेत केलेला आहे. गीता हा महाभारताचा एक भाग. तिचे अध्याय १८ आणि श्लोक ७००. प्रसंग तुम्हाला ठाऊक आहे. कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्ये उभी राहिली. अर्जुनाने समोर पाहिले तो आजोबा, गुरू, भाऊबंद. त्याचे हातपाय गळाले. त्याने धनुष्य खाली ठेवले. म्हणाला, यांना मारून मिळवायचे तरी काय? श्रीकृष्ण त्याचे सारथी होते. मग त्या दोघांचे जे बोलणे झाले, तीच गीता.

दुसऱ्या अध्यायात ४७ वा श्लोक आहे. कीर्तनात, भाषणात, पाटीवर, सगळीकडे तो असतो. त्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत. काम करणे तुझ्या हाती आहे. त्याचे फळ तुझ्या हाती नाही. फळासाठीच काम, अशी बुद्धी ठेवू नको. आणि काम न करण्याचीही गोडी धरू नको. लोक पहिल्या दोन गोष्टी बोलतात. चौथी विसरतात. मला तर चौथीच फार महत्त्वाची वाटते. कारण 'फळ आपल्या हाती नाही' एवढेच ऐकले, की आळशी माणसाला बरे निमित्त सापडते. दे रे हरी खाटल्यावरी! देवाने ती वाट आधीच बंद करून ठेवली आहे.

आमच्या साक्षरता वर्गात एकदा हा विषय निघाला. मागे बसलेले एक म्हातारे बाबा म्हणाले, "गुरुजी, फळाची आशाच धरायची नाही, तर मग पेरायचं कशाला? बी दळून भाकरी खाल्लेली काय वाईट?"

सगळे हसले. पण प्रश्न खरा होता. मी त्यांना विचारले, "बाबा, तुम्ही पेरणीआधी बी तपासता का?"

"तपासतो की. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. किती उगवले ते मोजतो. कमी उगवले तर बी जास्त धरतो."

"मग हा फळाचाच विचार झाला. तो करायचा नाही असं गीता सांगत नाही. तो कामाचाच भाग आहे."

बी तपासावे. ओल बघावी. पीकविमा उतरवावा. बाजारात काय चालते ते विचारून घ्यावे. हे सारे कर्तव्यच आहे. गीता जे सोडायला सांगते ते निराळे. तिला आसक्ती म्हणतात. आसक्ती म्हणजे मन चिकटून बसणे. 'मला हवे तेच फळ आले पाहिजे, नाही तर मी मेलो,' असे जे मनाला वाटत राहते ती आसक्ती. पाभर हाकताना ज्याचे मन बाजारभावात असते, त्याची ओळ वाकडी जाते. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसलेली मुले मी पुष्कळ पाहिली. जे पोर 'नंबर आला नाही तर बाप काय म्हणेल' या भीतीने बसायचे, ते येत असलेले गणितही चुकायचे. फळाचा घोर फळालाच मारतो.

पण फळ आपल्या हाती का नाही? हे देवाने उगीच घातलेले बंधन नव्हे. त्याचा हिशेब गीतेतच दिला आहे. तो अठराव्या अध्यायात आहे. फार थोडे लोक तिथवर जातात. तिथे सांगितले आहे, की कोणतेही काम तडीला जायला पाच गोष्टी लागतात. एक ठिकाण. दुसरा करणारा. तिसरी साधने. चौथ्या निरनिराळ्या खटपटी. आणि पाचवे दैव.

हे बाजरीच्या पिकाला लावून पाहा. ठिकाण म्हणजे जमीन. ती काळी की मुरमाड, हे तुम्ही ठरवलेले नाही. करणारे तुम्ही. साधने म्हणजे बैल, पाभर, नाहीतर भाड्याचा ट्रॅक्टर, बी, खत. खटपटी म्हणजे नांगरणी, कुळवणी, पेरणी, खुरपणी, राखण. आणि दैव म्हणजे पाऊस, वारा, टोळ, गारपीट. आपल्याला ज्याचा अंदाज येत नाही आणि ज्यावर आपला इलाज चालत नाही, ते सगळे दैवात धरा. म्हणजे या धंद्यात पाच वाटेकरी झाले. त्यातले तुम्ही एक. खटपट तुमची आहे, साधने थोडीफार तुमच्या हातची आहेत. पण पाचांच्या मेळाने जे होणार, ते एकट्याने 'माझ्या मनासारखेच झाले पाहिजे' असे कसे म्हणावे? पुढे गीता असेही सांगते, की पाच जण असताना जो 'मी एकट्यानेच केले' असे समजतो, त्याला नीट दिसत नाही.

आता हे दोन्हीकडून लागू पडते बरं का. पीक बुडाले तर सगळा दोष एकट्याच्या डोक्यावर घेऊ नये. आणि पीक आले तर मिशीला पीळ भरून शेजाऱ्याला नावे ठेवू नयेत. त्याच्या रानावरून ढग पुढे गेला असेल.

त्याच वर्गात एक बाई होत्या. त्या कधी बोलत नसत. हा हिशेब ऐकल्यावर त्यांनी हळूच विचारले, "गुरुजी, आमच्या मामंजींना अर्धांग झालं. दोन वर्षं मी त्यांचं सगळं केलं. औषधाची वेळ कधी चुकवली नाही. तरी ते गेले. लोक म्हणतात, हिचंच काही कमी पडलं. माझं काही चुकलं का?"

वर्ग गप्प झाला. मी म्हणालो, "बाई, पाच वाटे मोजा. त्यांचं वय, त्यांचा आजार, औषधाचा गुण, डॉक्टरची खटपट, आणि तुमची सेवा. तुमचा वाटा तुम्ही पुरा दिलात की नाही?"

"दिला," त्या म्हणाल्या.

"मग तुमच्याकडं काही बाकी नाही."

त्यांनी पदराने डोळे पुसले. दुसऱ्या दिवशीपासून त्या पुढच्या रांगेत बसू लागल्या.

काही लोकांना वाटते, फळाची आसक्ती सोडली की काम कसेही उरकले तरी चालते. तसे मुळीच नाही. दुसऱ्याच अध्यायात सांगितले आहे, की कामातले कौशल्य म्हणजेच योग. खुद्द श्रीकृष्णांचे वागणे बघा. युद्धाआधी ते पांडवांतर्फे हस्तिनापुरास तह करायला गेले. रात्री विदुराने त्यांना सांगितले, की दुर्योधन ऐकणार नाही, तुमची खेप फुकट जाईल. श्रीकृष्णांनाही ते दिसत होते. तरी ते भरसभेत उभे राहिले आणि जेवढे समजावता येईल तेवढे समजावले. त्यांचे म्हणणे असे होते, की चांगल्या कामासाठी माणसाने सारी शक्ती लावली आणि ते साधले नाही, तरी त्याचे पुण्य त्याला लाभतेच. तह झाला नाही. पण प्रयत्नात उणे ठेवले, असे कोणाला म्हणता आले नाही.

आपल्या मराठी मुलखाने गीतेवर फार प्रेम केले. ज्ञानेश्वर महाराजांनी १२९० साली प्रवरेच्या काठी नेवासे येथे गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. संस्कृत न येणाऱ्यांसाठी सांगितला. तीच ज्ञानेश्वरी. लोकमान्य टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली. ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात त्यांनी शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिले. ते १९१५ साली छापून निघाले. गीता सगळे सोडून रानात जायला सांगते, असे मानणारे पुष्कळ होते. टिळकांनी दाखवून दिले, की ती संसारात राहून काम करायला सांगते. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक अध्याय कैद्यांना समजावून दिला. साने गुरुजी तिथेच कैदेत होते. त्यांनी ते सगळे उतरवून घेतले. 'गीता प्रवचने' हे पुस्तक असे झाले. तुम्हाला आता वाचता येऊ लागले आहे. पुढे मिळाले तर हे पुस्तक जरूर हातात घ्या. भाषा सोपी आहे.

आता एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. या शिकवणुकीचा वाईट उपयोगही झाला आहे. दिवसभर राबलेल्या मजुराने संध्याकाळी मजुरी मागितली, तर "अरे, फळाची आशा धरू नये" असे हसत सुनावणारे लोक मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. ही चक्क लबाडी आहे. ठरलेली मजुरी हे फळ नव्हे, ते देणे आहे. मजुराचे कर्तव्य काम करणे. ते झाले. आता मालकाचे कर्तव्य पैसे देणे. स्वतःचे कर्तव्य टाळायचे आणि दुसऱ्याला गीता सांगायची, हा कुठला धर्म? गीतेची शिकवण ज्याची त्याने स्वतःला लावून घ्यायची असते. दुसऱ्याला हाणायची ती काठी नाही. मजुरी कमी मिळत असेल तर मागावी. सही करण्याआधी हजेरीपटावरचा आकडा वाचून घ्यावा. त्यासाठीच तर आपण वाचायला शिकतो.

तसेच कर्तव्याचे. 'ज्या जातीत जन्मलास, त्या जातीचे काम निमूट करत राहा, हाच तुझा धर्म,' असे सांगून कितीतरी माणसांना पिढ्यानपिढ्या शाळेबाहेर ठेवले. तेही गीतेचेच नाव घेऊन. मला ते पटत नाही. आज माझ्यापुढे जे आले आहे, जे माझ्यावाचून अडले आहे, ते माझे कर्तव्य. एवढे मला समजते.

ही गोष्ट मला पुस्तकाच्या आधी घरात दिसली. आमचा गाव अहमदनगर जिल्ह्यातला. त्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. त्या साली दादांनी मृगात बाजरी पेरली. उगवली आणि करपली. बी उसने आणून पुन्हा पेरली. ती तर उगवलीच नाही. हस्ताचा पाऊसही आला नाही, म्हणून रब्बीची ज्वारीही गेली. एक बैल विकला. दुसरा आत्याच्या गावी नदीकाठी नेऊन ठेवला.

मग आई आणि दादा दुष्काळी कामावर जाऊ लागले. रस्त्याची खडी फोडायची. दुपारी मी भाकरी घेऊन जाई. परदेशातून आलेल्या मिलोची ती तांबडी भाकरी. घशाखाली उतरत नसे. पोरांना सुकडी मिळायची, ती मात्र गोड लागायची. पुढे गावाजवळ पाझर तलावाचे काम निघाले. दादा तिथे माती टाकायला गेले. लोक म्हणत, "पाऊसच नाही, तर तलावात साठणार काय?" दादा बोलत नसत. पाटी उचलत. मुकादम नसला तरी पाटी भरलेलीच असे. तो तलाव अजून आहे. पाऊसकाळ बरा झाला, की त्याच्या खालच्या विहिरींना पाणी येते.

१९७३ च्या उन्हाळ्यातली एक संध्याकाळ माझ्या ध्यानात आहे. दादा कामावरून आले. हात धुतले आणि आढ्याला टांगलेली पाभर खाली काढली. फण बघितले. एक नळी फुटली होती, ती बदलायला घेतली. आई म्हणाली, "अवो, घरात मूठभर बी न्हाई. बैल एक, त्योबी दुसऱ्याच्या दारात. पाभरीचं काय नडलंय आत्ताच?"

दादा म्हणाले, "पाऊस आला म्हंजी त्याला काय सांगू? थांब, पाभर मोडलीया?"

मी नळ्या साफ करायला तार धरली होती. ते काम दोन संध्याकाळी चालले.

त्या साली पाऊस आला. बी आत्याने दिले. शेजाऱ्यांकडेही एकच बैल उरला होता. त्यांचा एक आणि आमचा एक अशी सावड केली, आणि आधी त्यांचे रान पेरून मग आमचे पेरले. सात पोती बाजरी झाली. त्यातले एक पोते आत्याकडे परत गेले.